अजून सिद्ध न झालेल्या ऊर्जा-यंत्रात पैसे घालायचे का? जैतापूर, मोगली एरंड आणि पॅलेट बर्नरची डीलरशिप



या आठवड्याचा व्हिडिओ बघून झाला असेल तर हा लेख शांतपणे वाचा. बघितला नसेल तरी चालेल, कारण व्हिडिओत आकडेमोड घाईत झाली होती, इथे ती सावकाश मांडतोय. वही-पेन जवळ घ्या.

विषय निघाला तो एका फोनवरून. लांजा तालुक्यातला मुलगा, वय एकतीस. घरचं छोटं काजू युनिट आहे, आई आणि चार बायका मिळून काजू फोडतात. त्याला एका कंपनीने ऑफर दिली आहे. बायोमास पॅलेटवर चालणारा बर्नर, हॉटेलं, बेकऱ्या, कँटीन यांना विकायचा. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची डीलरशिप. डिपॉझिट सहा लाख. त्यातले दोन लाख त्याच्याकडे आहेत, उरलेले चार लाख पतसंस्थेकडून, आईचे दागिने तारण ठेवून. कंपनीचा माणूस म्हणाला, "पंधरा तारखेपर्यंत सांगा, नाहीतर चिपळूणचा एक जण तयार आहे."

त्याचा प्रश्न एकच होता. "सर, घेऊ की नको?"

मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. राग आला असेल त्याला. पण असल्या प्रश्नाला फोनवर हो किंवा नाही म्हणणारा प्रशिक्षक तुम्हाला भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, मग तो मी का असेना.

आपल्याकडे नव्या ऊर्जेच्या यंत्राबद्दल दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, "हे सगळं फसवाफसवीचं काम." दुसरा म्हणतो, "भविष्य यातच आहे, आत्ता उडी मारली तर मारली." दोघंही पूर्ण चुकीचे नसतात, आणि अडचण तिथेच आहे. म्हणून आधी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन मोठ्या गोष्टी बघू. त्यात पैसे आपले नव्हते, पण धडा फुकट मिळतो आहे तर का सोडायचा?

जैतापूर: जगात कुठेच चालू नसलेली अणुभट्टी

राजापूर तालुक्यातलं माडबन. प्रकल्पाला नाव पडलं जैतापूरचं, पण जागा माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या बाजूची, सुमारे ९३८ हेक्टर. तिथे प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या बसवायच्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट. फेब्रुवारी २००९ मध्ये आपली एनपीसीआयएल आणि फ्रान्सची अरेव्हा कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला, डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा पुढचा आराखडा-करार झाला.

प्रकल्प हवा की नको, हा वाद मी इथे काढत नाही. जमीन, मासेमारी, सुरक्षितता, सगळे प्रश्न खरे आहेत. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीवही गेला. तो विषय धंद्याच्या लेखात उरकण्याइतका हलका नाही. मी फक्त खरेदीदाराच्या खुर्चीत बसून बघतोय.

तर खरेदीदार म्हणून बघा. २०१० मध्ये करार झाला तेव्हा या जातीची, ईपीआर नावाची, एकही अणुभट्टी जगात वीज देत नव्हती. कागदावर डिझाइन उत्तम, सुरक्षिततेचे थर जास्त, आयुष्य साठ वर्षं. पण चालू स्थितीत दाखवा म्हटलं तर दाखवायला काहीच नाही. फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला एक बांधत होते, काम २००५ मध्ये सुरू झालेलं, २००९ मध्ये वीज मिळणार होती. फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला दुसरी, २००७ मध्ये सुरू, २०१२ मध्ये पूर्ण व्हायची होती.

आता निकाल ऐका. फिनलंडची अणुभट्टी नियमित वीज द्यायला लागली एप्रिल २०२३ मध्ये. चौदा वर्षं उशीर. फ्लामांव्हिल ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. सुरुवातीचा अंदाज ३.३ अब्ज युरो होता, कंपनीचाच नंतरचा अंदाज १३.२ अब्ज. म्हणजे चौपट. मधल्या काळात अरेव्हाची आर्थिक अवस्था इतकी बिघडली की अणुभट्ट्यांचा धंदा २०१८ च्या सुरुवातीला फ्रान्सच्याच ईडीएफ कंपनीकडे गेला. म्हणून आज जैतापूरची बोलणी ईडीएफशी चालू आहेत. त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये बंधनकारक तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. आणि माडबनच्या सड्यावर अजून एकाही अणुभट्टीचा पाया पडलेला नाही.

शंका घेणारे म्हणतील, "बघा, आम्ही सांगत होतो." थांबा. चीनमधल्या ताइशानला याच जातीच्या दोन अणुभट्ट्या २०१८ आणि २०१९ मध्ये चालू झाल्या. त्यातली एक इंधनकांड्या खराब झाल्याने २०२१ मध्ये वर्षभर बंद ठेवावी लागली, नंतर पुन्हा सुरू झाली. म्हणजे यंत्र चालतं. "हे चालणारच नाही" म्हणणाराही हरला आणि "चार वर्षांत स्वस्त वीज" म्हणणाराही हरला.

आता यातली खरी धंद्याची गोष्ट, जी बातम्यांमध्ये कमी येते. फिनलंडच्या टीव्हीओ कंपनीने अरेव्हाबरोबर करार केला होता ठरावीक किमतीचा. साधारण ३ अब्ज युरोत चावी हातात द्या, मधे खर्च वाढला तर तुमचा. पहिल्यांदाच बनणाऱ्या वस्तूला विकणाऱ्याने ठरावीक किंमत लावली! उशीर झाला, खर्च अनेक पट झाला, आणि बराचसा फटका विकणाऱ्याने खाल्ला. २०१८ मध्ये तडजोड झाली तेव्हा अरेव्हाच्या बाजूने टीव्हीओला ४५ कोटी युरो भरपाई द्यायचं ठरलं.

म्हणजे फिनलंडचा खरेदीदार शहाणा होता. पण पूर्ण वाचला का? नाही. चौदा वर्षं त्याला वीज मिळाली नाही, ती बाहेरून आणावी लागली. करार कितीही पक्का असला तरी गेलेला वेळ भरपाईत येत नाही. लहान धंद्यात तर वेळ म्हणजे कर्जाचे हप्ते. हे लक्षात ठेवा, आपल्या लांज्याच्या मुलाकडे परत जाताना लागेल.

आणि एक गोष्ट. या वर्षांत आपल्याच लोकांनी आपल्याच डिझाइनची ७०० मेगावॉटची अणुभट्टी गुजरातमध्ये काकरापारला उभी केली, जून २०२३ मध्ये तिचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. तीही वेळेच्या मागेच होती. पण लहान, ओळखीची, आधीच्या अनुभवावर बेतलेली. मोठ्या नव्या उडीपेक्षा ओळखीच्या वस्तूची पुढची आवृत्ती, हा मार्ग कमी चमकदार दिसतो. मला तो आवडतो. माझं मत आहे, तुम्ही वेगळं मत ठेवू शकता.

दाभोळ: यंत्र सिद्ध, व्यवहार असिद्ध

गुहागर तालुक्यातला अंजनवेलचा प्रकल्प तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना वेगळा सांगायला नको. एन्रॉन म्हटलं की पुरे. तिथे तंत्रज्ञान काही चंद्रावरून आणलेलं नव्हतं. वायूवर चालणाऱ्या टर्बाइन जगभर चालत होत्या. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, मे १९९९ मध्ये सुरूसुद्धा झाला. पण नाफ्थावर बनलेली वीज महाग, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, आणि वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचेच. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांची कंपनी काढून तो उभा करायची वेळ आली.

म्हणून मी माझ्या बॅचमध्ये नेहमी सांगतो, यंत्र चालतं का हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही. ते या भावात चालतं का, हा दुसरा. आणि माझ्या हातात, माझ्या गावात, माझ्या पावसात चालतं का, हा तिसरा. कंपनीचा माणूस नेहमी पहिल्याचं उत्तर देतो आणि तिन्हीचे पैसे घेतो.

मोगली एरंडाची गोष्ट

ही तिसऱ्या प्रश्नाची गोष्ट आहे. मोगली एरंड म्हणजे जट्रोफा. कोकणात ही झाडं कुंपणाला लावलेली तुम्ही पाहिलीच असतील. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरी. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुचवली. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, बियांपासून तेल, तेलापासून डिझेल. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं स्वप्न. रोपवाटिका निघाल्या, रोपं विकली गेली, परत खरेदीची आश्वासनं दिली गेली.

झाड पडीक जमिनीवर जगतं, हे खरं निघालं. पण जगणं वेगळं आणि पीक देणं वेगळं. पाणी-खताशिवाय बिया थोड्याच येतात. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे वेचणीला माणूस पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. एक लिटर तेलाला साधारण साडेतीन-चार किलो बी लागतं. आणि जानेवारी २००६ पासून सरकारी खरेदी धोरणात बायोडिझेलचा भाव ठरला लिटरला २५ रुपये. आता तुम्हीच गणित करा. बियाण्याला किलोला सहा रुपये दिले तरी चार किलोचे चोवीस झाले. गाळणं, प्रक्रिया, वाहतूक, नफा सगळं उरलेल्या एका रुपयात! हे गणित करायला शास्त्रज्ञ लागत नाही, दुकानदार पुरेसा आहे. तरी कितीतरी शिकलेल्या माणसांनी ते केलं नाही, कारण वरून सरकारचं नाव होतं.

याच्या उलट आपल्या काजूकडे बघा. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं शेतकऱ्याच्या हातात येण्याआधी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने ती कोकणच्या मातीत, कोकणच्या पावसात वर्षानुवर्षं तपासली. मोगली एरंडाच्या बाबतीत जात कुठली, झाडाला बी किती, हे पक्कं व्हायच्या आधी लागवड सुरू झाली. झाड तेच होतं, पण तपासणीची वर्षं कोणी दिली नाहीत.

मग आशा धरायचीच नाही का?

धरायची! सौर ऊर्जेचं उदाहरण समोर आहे. २०१० च्या सुमारास देशातल्या पहिल्या मोठ्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला साधारण १२ रुपये आला होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला, २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात २ रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैसे. २०१० मध्ये "सोलर परवडत नाही" म्हणणारा त्या दिवशी बरोबर होता. दहा वर्षांनी तेच वाक्य बोलणारा अडाणी ठरला असता.

पण इथेही एक गोम आहे. सौर ऊर्जा जिंकली, म्हणून तिच्यात सुरुवातीला पैसे घालणारे सगळे जिंकले असं नाही. अमेरिकेत सोलिंड्रा नावाच्या कंपनीने वेगळ्या आकाराची, नळीसारखी पॅनेल काढली. सरकारने ५३ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाला हमी दिली. साधी पॅनेलच इतकी स्वस्त झाली की २०११ मध्ये कंपनी बुडाली. आपल्या पुण्याच्या सुझलॉनने पवनचक्क्यांचा धंदा जगभर नेला, पण कर्जाचा डोंगर झाला आणि २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत. तिथून वर यायला त्यांना कित्येक वर्षं लागली. वारा काही थांबला नव्हता.

मग सौर ऊर्जेत लहान माणसाने कुठे कमावलं? बसवणाऱ्याने. पॅनेल दुसऱ्याचं, इन्व्हर्टर दुसऱ्याचा, आपलं कौशल्य, शिडी आणि दोन पोरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉट आणि पुढच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. ज्यांनी आधीपासून छोटी-छोटी कामं करून हात बसवला होता त्यांना ती संधी पकडता आली. तंत्रज्ञानाचं नशीब कुणाच्या हातात नसतं. त्या रांगेत आपण कुठे उभं राहायचं, ते मात्र आपल्या हातात असतं.

पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचं उदाहरणही मला आवडतं. शेणाऐवजी खरकटं आणि पिष्टमय टाकाऊ पदार्थ वापरून छतावर मावेल असा छोटा बायोगॅस त्यांनी काढला. पाण्याच्या साध्या प्लास्टिकच्या टाक्या कापून. २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. यातली धंदेवाईक खुबी अशी की प्रयोग फसला तर टाकीत पाणी भरता येतं. नव्या वस्तूत घातलेल्या पैशाचं काय उरतं, हे आधी विचारायला हरकत काय आहे?

मोजणारा कोण?

एक परदेशी किस्सा सांगतो. इटलीच्या आंद्रेआ रोस्सी यांनी २०११ मध्ये बोलोन्यात एक छोटं यंत्र दाखवलं. निकेल आणि हायड्रोजन वापरून, घातलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता देतं असा दावा. अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल हीट कंपनीने करार केला, आणि करार तसा हुशारीने टप्प्यांत केला. सुरुवातीला १५ लाख डॉलर, चोवीस तासांच्या चाचणीनंतर एक कोटी, आणि वर्षभराची चाचणी यशस्वी झाली तर आणखी ८ कोटी ९० लाख. वर्षभराची चाचणी झाली. रोस्सी म्हणाले यशस्वी. कंपनी म्हणाली मोजमापच मान्य नाही. २०१६ मध्ये खटला, २०१७ मध्ये कोर्टातच तडजोड. ८ कोटी ९० लाख वाचले, पण आधी गेलेले एक कोटी १५ लाख डॉलर गेलेच.

टप्पे बरोबर होते. मोजणारा कोण आणि मोजायचं कसं, हे दोघांनाही मान्य होईल असं नव्हतं. चोवीस तासांची चाचणी तर एका कोटीला फारच कमी. तुम्ही सेकंडहँड रिक्षा घेताना सुद्धा घाट चढवून बघता की नाही?

आता लांज्याचा बर्नर

आता वही उघडा. कंपनीच्या माहितीपत्रकात काय होतं ते मुलाने मला पाठवलं. बर्नरची किंमत दीड लाख. गिऱ्हाईक म्हणजे रोज एक कमर्शियल सिलिंडर जाळणारं हॉटेल. सिलिंडर १९ किलोचा, किंमत समजा १८०० रुपये. गॅसचा उष्मांक किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी, कोरड्या पॅलेटचा साधारण ४०००. म्हणून एक सिलिंडर बरोबर ५२ किलो पॅलेट. पॅलेट ९ रुपये किलो, खर्च ४६८. रोजची बचत १३३२. दीड लाख वसूल ११३ दिवसांत. चकचकीत कागदावर छापलेलं हे गणित वाचून कुणीही खूश होईल.

मी त्याला म्हटलं, हे गणित खोटं नाही. हे गणित कारखान्याच्या दारातलं आहे. आपण ते लांज्यात आणू.

पहिली गोष्ट, ९ रुपये भाव घाटावरच्या कारखान्यातला. आंबा घाट उतरवून, गोणी उतरवून, हॉटेलच्या दारात टाकायचा तर १२ धरू. दुसरी, गॅसच्या शेगडीत उष्णतेचा जितका भाग भांड्याला लागतो तितका घन इंधनात लागत नाही. गॅसला ६० टक्के धरले तर याला ४० धरू. मग ५२ किलोचे झाले ७८ किलो. ७८ गुणिले १२ म्हणजे ९३६. बचत ८६४. वसुली १७४ दिवस.

तिसरी गोष्ट म्हणजे जुलै महिना. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पॅलेट म्हणजे दाबलेला भुसा, ओल लागली की फुगतो आणि सुटतो. ओलं इंधन जळताना आधी स्वतःतलं पाणी उडवतं, त्यात उष्णता जाते. उष्मांक ३३०० धरला तर ९५ किलो लागतील, खर्च ११४०, बचत ६६०. शिवाय भरायला, राख काढायला, भांडी घासायला जास्तीचा हात लागतो. रोजचे २०० धरा. राहिले ४६०. वसुली ३२६ दिवस.

आता बघा हं, ११३ चे ३२६ झाले. जवळजवळ तिप्पट. तरी वर्षाच्या आतच आहे! म्हणजे शंका घेऊन, सगळं वजा करूनही वस्तू उभी राहते आहे. इथे मी स्वतः जरा चकित झालो, खरं सांगतो. मला वाटलं होतं गणित कोसळेल.

पण हे गणित हॉटेलवाल्याचं आहे. डीलरचं गणित वेगळं आहे, आणि ते माहितीपत्रकात नव्हतं.

मुलाने गिऱ्हाइकांची यादी केली होती, त्यात पहिली बावीस नावं काजू युनिटांची. मी विचारलं, "तुझ्या घरी बॉयलरला काय जाळतोस?" म्हणाला, "टरफलं." काजूबीच्या वजनात दोन-तृतीयांश टरफलच असतं. ज्याच्याकडे स्वतःचं इंधन ढिगाने पडलंय तो दीड लाखाचा बर्नर आणि १२ रुपयांचं पॅलेट कशाला घेईल? टरफलाचा धूर डोळ्याला झोंबतो, तेल काढणाऱ्या कारखान्याला विकली तर थोडे पैसे मिळतात, हे सगळं मान्य. पण बावीस नावं यादीतून गेली. तो स्वतः त्याच धंद्यात आहे आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं. डीलरशिपचं पत्र हातात आलं की असं होतं, तुम्हालाही होईल.

उरली हॉटेलं, दोन बेकऱ्या, एक आंबा कॅनिंगवाला, ज्याचा हंगाम दोन महिन्यांचा. एकूण नऊ. आणि त्याच्यावर कर्ज चार लाख. पतसंस्थेचा दर १४ टक्के धरला तर वर्षाचं व्याज ५६,०००. एका बर्नरमागे डीलरचं कमिशन १५,०००. म्हणजे पहिले चार बर्नर नुसत्या व्याजाला. नऊपैकी चार! आणि जुलैत एका हॉटेलात बर्नर धुरला तर उरलेली पाच नावं लांज्याच्या बाजारपेठेत संध्याकाळपर्यंत फिरलेली असतील.

म्हणून मी त्याला म्हटलं, वस्तूवर विश्वास ठेव, डिपॉझिटवर नको. कंपनीला तीन गोष्टी माग. त्यांना वस्तूची खात्री असेल तर जड जाणार नाहीत. एक, डिपॉझिट नाही. एक बर्नर पैसे देऊन घेतो, तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत रत्नागिरीतल्याच एका कँटीनमध्ये चालवतो, रोज पॅलेट वजन करून लिहितो. दोन, चाचणीचा अहवाल दाखवा, आणि त्यावरचं मॉडेलचं नाव तुम्ही विकताय त्याच मॉडेलचं हवं. बायोमास चुलींसाठी आयएस १३१५२ हे भारतीय मानक आहे. लहान चुलीला मिळालेला शिक्का दाखवून मोठा बर्नर विकला जाऊ शकतो, म्हणून नाव आणि क्षमता जुळवून बघ. तीन, पॅलेटचा पुरवठा पावसाळ्यात कोण करणार आणि नाही केला तर बर्नर परत घेणार का, ते लेटरहेडवर लिहून द्या. अनुदान मिळेल असं तोंडी सांगितलं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन स्वतः विचार. योजनेत बसतं की नाही ते त्यांनी सांगायचं, विक्रेत्याने नाही.

"आणि चिपळूणवाला घेऊन गेला तर?" त्याने विचारलं.

घेऊ दे. तुझा जुलै तो फुकट चालवून दाखवेल. जैतापूरच्या बाबतीत नेमकं हेच झालं, पहिलं बांधण्याचा खर्च फिनलंड आणि फ्रान्सने केला. पण हेही त्याला सांगितलं की थांबण्याचीही किंमत असते. बर्नर खरंच चांगला निघाला तर वर्षाने डिपॉझिट दहा लाख असेल आणि जिल्हा गेलेला असेल. ती किंमत मोजायची तयारी ठेव, नंतर हळहळू नको. तुझ्याकडे दोन लाख आहेत, त्यात एक बर्नर, चार महिन्यांचं पॅलेट आणि ताडपत्री येते. दागिने कपाटात राहतात.

पंधरा तारीख आली, गेली. सोमवारी त्याचा फोन आला. कंपनीने पहिली गोष्ट मान्य केली, एक बर्नर रोखीने, डिपॉझिट पुढे ढकललं. चाचणीचा अहवाल पाठवला, त्यावर नाव त्याच मॉडेलचं आहे, पण चाचणी कोरड्या इंधनावरची. तिसऱ्यावर नुसतं "बघू" म्हणाले. लेटरहेड आलेलं नाही. चिपळूणवाल्याचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

बर्नर एका कँटीनच्या मागच्या पडवीत बसला आहे. पॅलेटच्या गोण्या लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर, ताडपत्रीखाली. वजनकाटा काजूचाच आणलाय. रोजचे आकडे लिहायची वही त्याने स्वतःकडे ठेवली नाही, आईकडे दिली आहे. तिला बर्नरचं काही कौतुक नाही, म्हणून. सप्टेंबरच्या शेवटी ती वही घेऊन तो आपल्या चॅनेलवर येईल, आकडे कसेही असले तरी. त्या व्हिडिओत पानं उघडून दाखवू.

तोपर्यंत तुमच्याकडे अशी एखादी ऑफर आली असेल तर माहितीपत्रकातलं गणित तुमच्या गावच्या भावात आणि तुमच्या जुलैत मांडून पाठवा. पुढच्या लाइव्हमध्ये त्यातली दोन-तीन घेतो.